वाढत्या डोळ्याची दुमड

मंगळवारी सकाळी ह्यांनी नातीला कावळा दाखवायला गॅलरीत नेलं आणि आत येऊन ते म्हणाले, "हिच्या डोळ्यात साय धरलीय."

मी वाचत होते. मान वर न करता म्हटलं, "दुधाची असेल. तोंड पुसलं नसेल कुणी."

"तोंडात नाय म्हणत मी. डोळ्यात. डाव्या."

नात तेव्हा पावणेदोन वर्षांची होती. उजेडाकडे तोंड केलं की डाव्या डोळ्याच्या बाहुलीत मधोमध एक पांढुरकी चकती दिसत होती. खरोखरच थंड दुधावर धरते तशी. घरात आम्ही चार मोठी माणसं. ती चकती दिसली कुणाला, तर समोरून येणाऱ्या बसचा बोर्ड ज्यांना शेजारच्या माणसाला विचारावा लागायचा, त्यांना. मुलगा आणि सून त्या दिवशी कामावर गेले नाहीत. दुपारपर्यंत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सायीला तिचं खरं नाव दिलं होतं. मोतीबिंदू.

"मोतीबिंदू तर मला झालाय," हे म्हणाले. "हिला कसा झाला? हिची अजून टाळू भरायलीय."

लहान मुलांनाही होतो, असं बाईंनी सांगितलं. ह्यांना ते पटलं नाही. नातीनं आपल्या रांगेत मध्येच घुसून नंबर लावला, असा काहीसा भाव त्यांच्या चेहऱ्यावर बराच वेळ होता.

पुढचं कळायला ह्यांचा एक स्वभाव आधी सांगायला हवा. ह्यांचं गाव पैठणजवळ. चार भावांतले हे तिसरे. त्या घरात कुठलाही कपडा अंगाच्या मापानं शिवला जात नसे. जो आणायचा तो वाढत्या अंगाचा, आणि आतून भरपूर दुमड ठेवून. अंग वाढेल तशी दुमड उसवायची. हे पुढे चितेगावच्या कारखान्यात स्टोअरला लागले, आम्ही गारखेड्यात फ्लॅट घेतला, पण दुमड काही सुटली नाही. लग्नातला कोट त्यांना बसायला लागला तेव्हा आमचा मुलगा पाचवीत होता. मुलाची शाळेची चड्डी पहिलीत गुडघ्याखाली, तिसरीत गुडघ्यावर, आणि नेमकी मापात आली त्या वर्षी मागून फाटली. बुटांच्या पुढच्या टोकात कापूस असे. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला त्यांनी मला चपला आणल्या, त्याही एक नंबर मोठ्या. मी म्हटलं, "अहो, माझं वय तेवीस आहे. माझे पाय आता वाढायचे नाहीत."

"कुणी सांगावं?" हे म्हणाले.

मी शाळेत मराठी शिकवत होते, त्यामुळे वाद घालायचा तो सुसूत्र घालायची मला सवय. पण ह्या "कुणी सांगावं" पुढे ते सूत्र तुटायचं. चपला मी घातल्या. फटक फटक वाजायच्या. वर्गातल्या मुली मी जिन्यावर असतानाच गप्प होत.

ऑपरेशनच्या आधी बाईंनी आम्हा सगळ्यांना बसवून समजावलं. नात सुनेच्या मांडीवर बाईंची बॅटरी चावत होती. बाई म्हणाल्या, गढूळ झालेली लेन्स काढायची आणि तिथं कृत्रिम लेन्स बसवायची. पण लहान मुलाचा डोळा अजून वाढायचा असतो. आतून लांबीनं वाढतो. बसवलेली लेन्स मात्र वाढत नाही, बदलत नाही. आज अचूक बसेल अशी लेन्स टाकली, तर डोळा वाढल्यावर तीच जास्त ताकदीची ठरेल आणि मुलीला लांबचं दिसायला जाड मायनसचा चष्मा लागेल. म्हणून त्या मुद्दाम कमी ताकदीची लेन्स टाकणार होत्या. कमी पडेल तेवढी ताकद चष्म्यातून द्यायची. डोळा वाढत जाईल तसा चष्म्याचा नंबर उतरत जाईल.

मुलगा इंजिनिअर. त्याचा चेहरा लाल झाला. "म्हणजे तुम्ही जाणूनबुजून चुकीची लेन्स टाकणार?"

"चुकीची नाही. आजच्या मानानं कमी."

"पण मोजता येतं ना? मग मापाची टाका."

मीही आदल्या दिवशी बरंच वाचून गेले होते आणि दोन प्रश्न तयार ठेवले होते. ते विचारायच्या आत हे खुर्चीत पुढे सरकले.

"थांब रे," मुलाला म्हणाले. मग बाईंना, "व्हय, समजलं. वाढत्या डोळ्याची लेन्स. आज सैल, आतून दुमड. चष्मा म्हणजे दुमड. डोळा वाढला की उसवत जायची."

बाई हसल्या. "अगदी तसंच, काका."

त्या क्षणी ह्यांच्या मनात बाईंविषयी जो आदर बसला तो शेवटपर्यंत हलला नाही. आयुष्यभर घरच्यांनी ज्या तत्त्वाची टिंगल केली, ते तत्त्व पांढरा कोट घालून समोर बसलं होतं. गाडीत बसताना ते मला म्हणाले, "बघितलं का मास्तरीणबाई? विज्ञान आता इथवर पोचलं."

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि खरी भीती तीच होती. डोळा साफ झाला म्हणजे दिसेलच असं नाही. डाव्या डोळ्यानं पोरीनं नीट असं कधी पाहिलेलंच नव्हतं. त्याला पाहायला शिकवावं लागणार होतं. त्यासाठी चांगल्या उजव्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायची, चष्मा काढू द्यायचा नाही, आणि हे वर्षानुवर्षं करायचं. सात-आठ वर्षांची होईपर्यंत तो डोळा जे शिकेल ते शिकेल. नंतर आतली लेन्स कितीही चांगली असली तरी उपयोग नाही.

ऑपरेशन नीट झालं. चष्म्याचा नंबर निघाला, डाव्याला अधिक पाच. मुलगा-सून दोघं कामावर होते म्हणून चष्मा करायला नातीला घेऊन हे गेले, आणि मी पिशवी धरायला. गुलमंडीतलं दुकान ह्यांच्या ओळखीचं. दुकानदार ह्यांच्याच वयाचे, पांढरी दाढी, गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा. ह्यांनी लहान मुलांच्या फ्रेमा बघितल्या, बाजूला सारल्या, आणि शाळकरी मुलांच्या खणातली एक निळी उचलली.

दुकानदारांनी ती पोरीच्या नाकावर ठेवली. ती घसरून हनुवटीवर आली.

"भाईजान, ये बच्ची की नहीं है. नाक पे रुकतीच नहीं."

"रुकंल. नाक वाढंल की."

"अरे, मगर नाक बढ़ने तक क्या करेगी?"

"मागून इलास्टिक लावा."

दुकानदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी चपलांकडे पाहिलं. त्यांना काय समजायचं ते समजलं असावं, कारण त्यांनी इलास्टिक लावून दिलं.

चष्मा नाकाच्या शेंड्यावर यायचा आणि नात त्याच्या वरून बघायची. तहसील कचेरीतल्या हेडक्लार्कसारखी. आम्हाला त्याचं फार कौतुक. मुलानं फोटो काढले, सुनेनं ते माहेरी पाठवले. शेजारच्या वहिनी मुद्दाम बघायला आल्या. पोरगी चष्म्यावरून त्यांना न्याहाळायची आणि त्या म्हणायच्या, "बाई गं, आता सातबाराच मागते की काय ही!"

पट्टीचे तास मात्र आम्ही सैनिकासारखे पाळत होतो. रडारड व्हायची, पट्टी ओढून काढली जायची, पुन्हा चिकटायची. आणि काही महिन्यांनी तपासणीला गेलो तर बाईंच्या कपाळावर आठ्या. डोळा वाढला होता, जसा वाढायला हवा तसा. पडदा चांगला होता. लेन्स जागेवर होती. पण डावा डोळा काही शिकलाच नव्हता. उजवा झाकला की पोरगी समोरच्या खेळण्याकडे हात न्यायची तो दुसरीकडेच.

"पट्टी लावता ना नीट?"

"लावतो," सून म्हणाली, आणि तिनं ह्यांच्याकडे पाहिलं. "निदान आम्ही घरी असतो तेव्हा तरी."

"म्हणजे काय, मी काढून ठेवतो का?"

"बाबा, ती रडली की तुम्हाला बघवत नाही. चॉकलेटचंही तसंच होतं."

"चॉकलेटची गोष्ट येगळी. पट्टीला मी हात लावत नाय. नाथबाबाची शप्पथ."

पैठणच्या नाथांची शपथ आमच्या घरात खोटी घेतली जात नाही, त्यामुळे तो विषय तिथंच संपला. बाईंनी नातीला चष्मा घालून स्वतःच्या मांडीवर घेतलं, उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि पुढे चित्रांचं पुस्तक धरलं. चष्मा घसरला. पोरीनं हनुवटी छातीला लावली आणि चष्म्याच्या वरून पुस्तकाकडे पाहिलं.

बाईंनी पुस्तक मिटलं.

"ही फ्रेम कुणी आणली?"

आम्ही तिघांनी एकाच दिशेनं पाहिलं.

"वाढत्या अंगाची आहे," हे म्हणाले. मग आवाज खाली आणून, "तुमच्यासारखीच."

बाईंनी स्वतःचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काका, लेन्स मी वाढत्या डोळ्याची टाकली. कमी पडेल ते चष्मा भरून काढणार होता. चष्मा आजच्या नाकाचा लागतो. दोन्हीकडं तुम्ही दुमड ठेवली, तर पोरीनं बघायचं कशातून?"

हे ह्या वेळी "कुणी सांगावं" म्हणाले नाहीत. परतताना गुलमंडीला रिक्षा थांबवली आणि एकटेच उतरले, पण आवाज बाहेर येत होता.

"आ गए भाईजान? नाक बढ़ी?"

"नाय. मापाची द्या."

दुकानदारांनी ते वाक्य त्यांच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. गुलाबी, इवलीशी, कानामागे वळणारी फ्रेम घेऊन हे आले. निळी फ्रेम त्यांनी परत दिली नव्हती. ती खिशात होती. "राहू दे," मला म्हणाले, "लागंल."

मापाचा चष्मा आल्यावर ह्यांनी डाव्या डोळ्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली. कुणी दिली नव्हती, पण नाही म्हणायची कुणाची हिंमत नव्हती, कारण त्या दिवसांत ते जेवतानाही कुणाच्या तोंडाकडे बघत नसत. पट्टी असेल तेव्हा जवळचं, बारीक काम द्या, असं बाईंनी सांगितलं होतं. पोरगी तीन वर्षांची झाल्यावर ह्यांनी तिच्यापुढे ताटात तूरडाळ ओतली आणि खडे निवडायला बसवलं. मी म्हटलं, पाकिटातली डाळ आहे, तिच्यात कसले खडे? "बघू की," हे म्हणाले.

आणि काय आश्चर्य, खडे निघायला लागले. चांगले हरभऱ्याएवढे. पोरगी एकेक उचलून वाटीत टाकायची आणि हे टाळ्या वाजवायचे. मी पाकीट घेऊन दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, पाकीट कंपनीचं. मी काय सुईनं टोचून खडे भरतो का?" मी कंपनी बदलली. खडे आलेच. मग दुकान बदललं. नव्या दुकानदाराला मी डाळीतली भेसळ आणि व्यापाराची नीती ह्या विषयावर शांतपणे बरंच काही ऐकवलं. त्याच्या बायकोनं आतून येऊन मला पाणी दिलं.

त्यातच खडे बारीक होऊ लागले. पोरीच्या नजरेतून काही सुटायचे, ते कुकरमधून वरणात आणि वरणातून दाताखाली. रात्री जेवताना कचकन आवाज आला की सगळे थांबायचे आणि हे विचारायचे, "केवढा व्हता?"

"दात गेला माझा, बाबा!" मुलगा म्हणायचा.

"ते राहू दे. केवढा व्हता, ते सांग."

एका दुपारी मला लवकर जाग आली. गॅलरीत हे तुळशीच्या कुंडीशी उकिडवे बसले होते. हातात माझी चहाची गाळणी, तीतून माती चाळत होते.

"काय करताय?"

"खडे काढायलोय."

"कुंडीतले? कशाला?"

"डाळीत घालायला." एवढं बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं, पण आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. "धुऊन घालतो गं. गरम पाण्यानं."

मी दोन्ही दुकानदारांचे चेहरे आठवत तिथंच उभी राहिले. बोलण्यासारखं बरंच होतं. तेवढ्यात त्यांनी तळवा पुढे केला. त्यावर मोहरीएवढे चार-पाच खडे होते.

"आधी हरभऱ्याएवढे घालायचो," ते म्हणाले. "ते आता ती ताट ठेवलं की उचलती. मग ज्वारीएवढे केले. आता हे. ह्यातलेबी निम्मे हुडकायली." आणि मग, मला फारसं ऐकू जाऊ नये अशा आवाजात, "शिकायलीय माय माझी."

चहाला मी दुसरी गाळणी आणली. पुढच्या तपासणीला बाई म्हणाल्या, डावा डोळा जागा झाला आहे. मी आश्चर्य वाटल्याचं दाखवलं. नंबर चारवर उतरला होता. हे प्रत्येक वेळी उठताना एकच विचारायचे, "बाई, दुमड किती राहिली?" आणि बाई न हसता आकडा सांगायच्या. नंतर कळलं, दुसऱ्या मुलांच्या आईवडिलांनाही त्या दुमडीवरूनच समजावतात.

नात चार वर्षांची झाल्यावर ह्यांनी स्वतःच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. तेही तिनं दटावल्यावर. "आबा, मी नाही का केलं?" डोळा मोजून झाल्यावर हे बाईंना म्हणाले, "माझ्यातबी थोडी दुमड ठेवा."

"काका, तुमचा डोळा आता वाढायचा नाही. तुम्हाला मापाची."

ऑपरेशन होऊन घरी आल्यावर ते पट्टीच्या डोळ्यानं पलंगावर आडवे झाले. मग म्हणाले, "काय वाढायचं राहिलं नाय म्हणाल्या." मी म्हटलं, नव्या डोळ्यानं आधी वर्तमानपत्र वाचा, मग बोला. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. त्यांनी वर्तमानपत्र वाचलं, समोरून जाणाऱ्या बसचा बोर्ड वाचला, आणि माझ्याकडे नीट निरखून पाहत म्हणाले, "केस लई पांढरे झालेत गं तुझे. कधी झाले?"

गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी हे गेले. सकाळचा चहा घेतला, कप खाली ठेवला, आणि गेले. घालायला कपाटातून नवा सदरा काढला तो त्यांनीच आणून ठेवलेला होता. खांद्यावरून उतरत होता. कुणीतरी म्हणालं, मापाचा आणू या का पटकन. मी म्हटलं, नको, हाच त्यांचा.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. मुलगा-सून कामावर जाऊ लागले. दुपारी नात पट्टी लावून माझ्यापुढे ताट घेऊन बसली. मी डाळ ओतली. तिनं सगळी इकडून तिकडे केली.

"आजी, ह्यात खडेच नाहीत."

"पाकिटातली डाळ स्वच्छ असते, बाळा."

"तसं नाही. आबा घालायचे." ती ताटाकडे बघत म्हणाली. "गॅलरीत बसून चाळायचे. मला इथून दिसायचं."

"कधी दिसलं तुला?"

"पट्टी असायची तेव्हाच. तू झोपलेली असायचीस."

पट्टी म्हणजे उजवा डोळा झाकलेला. जिथं ती बसायची तिथून कुंडी चांगली दहा-बारा पावलांवर आहे, आणि गाळणी केवढी, सगळ्यांना माहीत आहे.

"मग सांगितलं का नाहीस?"

"आबांना वाटायचं, मला माहीत नाही," ती म्हणाली. "त्यांना मज्जा यायची."

मी उठून गाळणी घेतली आणि कुंडीपाशी गेले. खाली बसायला वेळ लागला. बारीक खडे मला काही केल्या दिसेनात. शेवटी नातीनंच येऊन निवडून दिले, मी ते धुतले, तिनं तोंड फिरवलं, मी डाळीत घातले, आणि ती परत हुडकायला बसली. रात्री मुलाच्या दाताखाली कचकन आवाज आला. तो थांबला. सून थांबली. मी विचारलं, "केवढा होता?"

गेल्या महिन्यात तपासणीला मी आणि नात दोघीच गेलो. आता ती पहिलीत आहे. बाईंनी उजवा डोळा झाकला आणि भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितलं. ती वरून वाचत खाली आली. शेवटून तिसऱ्या ओळीत अडखळली, पुन्हा वाचली, बरोबर वाचली. त्याखालची नाही वाचता आली. बाई म्हणाल्या, एवढं पुष्कळ आहे, ह्या डोळ्यावर ती शाळा शिकेल. पट्टी अजून ठेवायची, तास कमी करायचे. मग त्यांनी चष्म्याच्या काचा बदलून पाहिल्या आणि नंबर लिहिला. उठताना नातीनं खुर्चीच्या काठाला धरून विचारलं, "बाई, दुमड किती राहिली?"

बाई न हसता म्हणाल्या, "दीड."

येताना गुलमंडीत काचा बदलून घेतल्या. दुकानदारांनी ह्यांच्याबद्दल काही विचारलं नाही, पैसे घेताना दोन्ही हात पुढे केले. घरी आल्यावर मी कपाटातून निळी फ्रेम काढली आणि नातीच्या नाकावर ठेवून पाहिली. घसरली, पण हनुवटीपर्यंत आली नाही. मी ती पुसून परत ठेवली.

डाव्या डोळ्याचा नंबर आता अधिक दीड आहे. निळी फ्रेम अजून थोडी मोठी होते.